एक केरोपंत म्हणजे किती?

एका जंगलात, मुलांनो, वजनाची फार शिस्त होती. कुठल्या जंगलात ते विचारू नका. त्यातले बरेच प्राणी अजून हयात आहेत आणि अब्रूला फार जपतात.

या जंगलात किलो नव्हता, शेर नव्हता, तोळासुद्धा नव्हता. तिथं केरोपंत होते.

केरोपंत हे एक शेकरू. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची, तांबूस, मोठी खार. केरोपंतांचं वजन गेल्या अकरा वर्षांत रतीभरही हललं नव्हतं. म्हणून पंचायतीनं त्यांनाच माप ठरवलं होतं. ससा दीड केरोपंत. भेकर दहा केरोपंत. सभापती गवा चारशे केरोपंत, पण हे त्याच्यासमोर कुणी बोलत नसे.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यांचं वजन व्हायचं. एका खडकावर लांबलचक ओंडका आडवा टाकलेला होता. त्याच्या लांबच्या टोकाला केरोपंत बसत. दुसऱ्या बाजूला ज्याचं वजन करायचं तो उभा राही आणि पुढंमागं सरके. ओंडका सरळ झाला की पोपट त्याच्या पायाखालची खूण वाची आणि मोठ्यांदा ओरडून आकडा सांगे. हळू सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

एवढी शिस्त कशाला? तर नदीवर एक पूल होता. सुगरण पक्ष्यांनी वेली विणून केलेला. त्याला वीस केरोपंत पेलत. वजन वीसच्या आत असेल त्याला पूल मोकळा, बाकीच्यांनी पावसाळाभर अलीकडच्या काठावर बसायचं.

या कामामुळं केरोपंतांना मान होता. ते फांदीवरून निघाले की माकडं बाजूला होत. कुणाचं भांडण झालं की लोक म्हणत, "चल केरोपंतांकडं." हा मान केरोपंतांना फार आवडायचा. त्यासाठीच ते सकाळी दोन जांभळं खात, संध्याकाळी अर्धं उंबर खात आणि उरलेलं अर्धं बायकोला देत.

बायकोचं नाव मथुताई. त्या एके दिवशी म्हणाल्या, "अहो, तुमचं माप सांभाळता सांभाळता माझी अकरा वर्षं गेली. आता कुठंतरी घेऊन चला."

नदीच्या वरच्या अंगाला एका तरसानं तेव्हा नवीन रिसॉर्ट काढलं होतं. आठ दिवस, सात रात्री. राहणं, खाणं, पिणं, डुंबणं सगळं त्यातच. जाताना एकदा काय ते द्यायचं आणि मनगटाला हिरवी वेल बांधून घ्यायची. मग वेल बघून जो तो विचारणार, "आणखी काय वाढू?"

केरोपंतांनी वर्षभराची बेहड्यांची साठवण तरसाच्या हवाली केली. ढोली रिकामी झाली तेव्हा त्यांच्या छातीत बारीकशी कळ आली. मुलांनो, सगळा घोटाळा त्या कळेनं केला.

पहिल्या सकाळी ते दोघं नाश्त्याला गेले. लांबच लांब दगडी टेबलं. फणसाचे गरे, रायवळ आंबे, करवंदं, मधाची पोळी, मोहाचे लाडू. एका कोपऱ्यात साळिंदर गरम दगडावर कंद भाजून देत होतं.

मथुताईंनी एक आंबा खाल्ला, दोन गरे खाल्ले, मिशा पुसल्या आणि म्हणाल्या, "मला झालं."

"झालं? अगं, गोडाचं टेबल राहिलंय अजून!"

"पोट भरलं हो."

"पोट भरलं, पण वसूल कुठं झालंय?"

मथुताई तळ्यावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसल्या. आठही दिवस त्या तिथंच बसल्या आणि त्यांना फार छान वाटलं. त्यांची गोष्ट एवढीच आहे, कारण सुखी माणसांच्या गोष्टी लांबत नाहीत.

केरोपंत मात्र कामाला लागले. शेजारच्या टेबलावर एक अनुभवी रानडुक्कर होता. त्यानं त्यांना जवळ बोलावलं.

"पंत, पहिलीच खेप दिसते. उंबराला हात लावू नका. उंबर घरी मिळतं. मध्ये पाणी पिऊ नका, जागा अडते. आधी नुसती एक चक्कर मारायची, काय काय आहे ते बघून घ्यायचं आणि मग ताट उचलायचं."

"आणि भूक नसली तर?"

"भुकेचा इथं काय संबंध?" डुक्कर म्हणाला. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून केरोपंत उजाडायच्या आत उठू लागले, नाश्ता चुकू नये म्हणून. नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये तरसानं एक मधली वेळ ठेवली होती. ती कशासाठी होती ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण ती सोडणं म्हणजे तरसाचा फायदा. केरोपंतांनी ती सोडली नाही. चौथ्या दिवशी त्यांना गऱ्याचा वास नकोसा झाला. पाचव्या दिवशी त्यांनी डोळे मिटून खाल्लं. सहाव्या दिवशी ते मथुताईंना म्हणाले, "आता फक्त दोन दिवस राहिले," आणि ते दमल्यासारखे म्हणाले, सुट्टीवरचा माणूस म्हणतो तसं नाही.

मनगटावरची वेल काचू लागली. तरसानं दोनदा सोडून लांब वेल बांधून दिली आणि दोन्ही वेळा मनापासून हसला. तरसाला हसायला तसं कारण लागत नाही, पण या वेळी होतं.

आठव्या दिवशी केरोपंतांनी शेपटीत सात लाडू दडवले आणि मंडळी घरी आली.

आता शेकरांचं घर कुठं असतं? फांदीच्या अगदी बारीक टोकाशी. तिथवर दुसरं कुणी जड जनावर पोचू नये म्हणून. मथुताई टुणकन घरट्यात गेल्या. मागून केरोपंतांनी फांदीवर पाय ठेवला. फांदी कर्रर्र करून वाकली.

"तिथंच थांबा!" मथुताई आतून ओरडल्या. "घर खाली येईल!"

केरोपंत थांबले. आपल्याच घरासमोर जड जनावर म्हणून उभं राहायची वेळ त्यांच्यावर आली. ते खोडाशी परत गेले, बेचक्यात बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की वजनाचा दिवस चार दिवसांवर आलाय.

पंचायतीचा नियम साधा होता. मापात फरक पडला तर मापाला घरी बसवावं. त्या जागेवर भिकाजी मुंगसाचा डोळा होता. त्यानं तीनदा अर्ज केला होता.

केरोपंतांनी चार दिवस नुसतं पाणी पिऊन काढले. खोडावरून वरखाली धावले. आणि मुलांनो, तुम्ही हे मोठ्यांना विचारून बघा, आठ दिवसांत चढलेलं चार दिवसांत उतरत नाही. त्यांना स्वतःची लाज वाटू लागली. अकरा वर्षं तोंडावर ताबा ठेवला आणि आठ दिवसांत, तेही भूक नसताना, सगळं घालवलं.

"मथू, माझी जागा जाणार गं."

"मग सरळ सांगून टाका. म्हणावं, मी जास्त खाल्लं. जग बुडत नाही."

केरोपंतांनी ठरवलं, ओंडक्यावर चढायच्या आधी सगळ्यांसमोर कबूल करायचं.

पण वजनाच्या दिवशी ते पोचेपर्यंत जनाक्का अस्वल ओंडक्यावर चढून बसली होती. जनाक्काची लेक नदीपलीकडं दिलेली. दर पावसाळ्यात लेकीची आठवण काढत जनाक्का या काठावर बसायची, कारण तिचं वजन छत्तीस केरोपंत. या वर्षी लेकीला पिल्लू झालं होतं. म्हणून जनाक्कानं महिनाभर मध सोडला होता आणि मध सोडल्याच्या दुःखात वाळवी दुप्पट खाल्ली होती.

"बसा पंत, बसा लवकर! काय व्हायचं ते होऊन जाऊ दे!"

"जनाक्का, आधी मला जरा सांगायचंय की..."

"नंतर सांगा!"

केरोपंत बसले. ओंडका त्यांच्या बाजूला धाडकन खाली गेला. जनाक्का सरकत सरकत बाहेर आली, आणखी बाहेर आली, आणि मग कुठं ओंडका सरळ झाला. पोपटानं खूण वाचली. पुन्हा वाचली.

"एकोणीस!"

"अगं बया!" जनाक्का किंचाळली. "एकोणीस? म्हंजी मी आर्ध्यावर आले? हाय रं माझ्या नशिबा!" आणि ती ओंडक्यावरच नाचायला लागली, त्यामुळं केरोपंत दोनदा हवेत उडाले.

"थांबा!" केरोपंत वरूनच ओरडले. "चूक होतेय! मी..."

पण ऐकतोय कोण? रांगेत एकच रेटारेटी सुरू झाली. भेकर दहाचं साडेपाच झालं आणि आपल्या कमरेकडं वळून वळून पाहू लागलं. सभापती गवा चारशेचा दोनशे दहा झाला. त्यानं आकडा पोपटाकडून तीनदा मोठ्यानं म्हणवून घेतला.

तेवढ्यात भिकाजी मुंगूस पुढं आला. "अहो, डोळे उघडा! तुम्ही कुणी बारीक झालेला नाहीत. माप सुजलंय! पंतांच्या पोटाकडं बघा जरा!"

सगळ्यांच्या माना त्या पोटाकडं वळल्या. केरोपंतांना वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं हलकंही वाटलं.

"याला आधी ओंडक्यावर चढवा," गवा म्हणाला.

भिकाजीला चढवलं. गेल्या वर्षी तो बरोब्बर एक केरोपंत भरला होता.

"अर्धा आणि वर चिमूटभर!" पोपट ओरडला.

"अरेरे," गवा म्हणाला. "भिकाजी, तू कुपोषित आहेस. अशक्तपणामुळं चिडचिड होते. याला पंचायतीकडून रोज दोन अंडी सुरू करा."

भिकाजीनं तोंड उघडलं. मग दोन अंड्यांचा विचार केला आणि ते मिटलं.

संध्याकाळी जनाक्का पुलाकडं निघाली. नातवासाठी मोहाच्या फुलांची पुरचुंडी काखेत, हातात पुलाचा पास. निम्मं जंगल तिला पोचवायला आलं होतं. केरोपंत धापा टाकत मागून आले. "जनाक्का, जाऊ नका! तुम्ही एकोणीस नाही आहात!"

जनाक्का वळली. तिचे डोळे भरून आले. "पंत, आयुष्यात पयल्यांदा कुणीतरी मला बारीक म्हणलं. तुमी तरी नजर लावू नका."

ती पुलावर गेली. पूल मधोमध आला तेव्हा, म्हणजे जनाक्का मधोमध आली तेव्हा, पूल तिच्यासकट खाली गेला. नदीला अजून गुडघाभरच पाणी होतं, म्हणून जनाक्काला नुसता चिखल लागला. ती उठली, पलीकडं चालत गेली, नातवाला पाहून आली आणि चौकशीला वेळेवर हजर राहिली.

हो, चौकशी. गव्यानं सुगरणींना उभं केलं.

"पूल वीस केरोपंतांचा. अक्का एकोणीस केरोपंत. मग पडला कसा? वेली निकृष्ट वापरल्या. दुसरं काय?"

सुगरणी एकमेकींच्या मागं लपू लागल्या. त्यांची घरटीच काढून घ्यावीत अशी सूचना मागून कुणीतरी केली. ते ऐकल्यावर मात्र केरोपंतांना राहवेना. ते चालत मध्ये आले. चालताना पोट हललं, ते त्यांनी लपवलं नाही.

"सभापती, दोष सुगरणींचा नाही, माझा आहे. मी रिसॉर्टवर आठ दिवस खा खा खाल्लं. भूक नव्हती, तरी खाल्लं. एक केरोपंत आता जवळजवळ दोन केरोपंत झालाय. तुम्ही सगळे होतात तेवढेच आहात. मला काढून टाका."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. वर झाडावर मथुताईंनी डोळे पुसले. अकरा वर्षांत नवरा त्यांना एवढा कधी आवडला नव्हता.

खाली प्रत्येक जण मनातल्या मनात हिशेब करत होता.

"म्हंजी," जनाक्का हळूच म्हणाली, "मी परत छत्तीस?"

"आणि मी..." गवा म्हणाला, पण आकडा त्याच्या तोंडून निघेना. त्यानं घसा खाकरला. "पंत, तुम्ही दमला आहात. प्रवासाचा शीण आहे. तुम्ही जाड वगैरे काही झालेला नाहीत."

"पण हे पोट?"

"ती बसण्याची पद्धत आहे."

आणि मग भिकाजी मुंगूस उठला. त्याच्या मिशीला अंड्याचा बलक लागला होता. "पंत जाड नाहीत," तो म्हणाला. "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो."

ठराव एकमतानं झाला. सुगरणींना सक्त ताकीद. केरोपंतांना आजन्म माप म्हणून कायम करावं. आणि त्यांची प्रकृती अशीच चांगली राहावी म्हणून त्यांना दर वर्षी दोन वेळा तरसाच्या रिसॉर्टवर पंचायतीतर्फे पाठवावं.

त्याला आता तीन वर्षं झाली. जनाक्का चौदावर आली आहे. गवा स्वतःला सडपातळ म्हणवतो. पूल दर वर्षी पडतो आणि सुगरणींची दर वर्षी चौकशी होते. केरोपंत खोडाच्या बेचक्यात राहतात आणि मथुताईंशी तिथूनच ओरडून बोलतात.

परवा ते पुन्हा रिसॉर्टला निघाले. त्यांना जायचं नव्हतं. त्यांना घरी बसून अर्धं उंबर खायचं होतं. पण निरोपाला सगळं जंगल लोटलं होतं, हार होते, ढोल होते. जनाक्कानं पुढं होऊन त्यांचे दोन्ही पंजे हातात घेतले.

"पंत," ती कळवळून म्हणाली, "पोटभर जेवा बरं का. निदान आमच्याकडं बघून तरी."

तात्पर्य: वजन कमी करायचं असेल तर स्वतः उपाशी राहू नये. मापाला जेवायला घालावं.