इंद्रायणीचं सरासरी वय

काळ अनंत असला, तरी अर्जात त्याला चारच चौकोन मिळतात. सोलापूरचे हृषीकेशराव संस्कृतचे शिक्षक. पाडव्याला मुलगी झाली, तेव्हा जन्मनोंदीच्या अर्जात त्यांनी अभिमानाने लिहिलं, शके १९४१. ‘शके’ला चौकोन नव्हता, म्हणून संगणकाने नुसतं १९४१ घेतलं. (संगणकाला संस्कृती नसते, हे त्यांचं मत आधीपासूनच होतं.)

सहा वर्षांनी इंद्रायणी पहिलीच्या प्रवेशाला गेली, तेव्हा तिचं वय चौऱ्याऐंशी भरलं. शाळेने वयाचा मान राखून तिला खुर्ची दिली आणि प्रवेश नाकारला.

“अहो, २०१९ लिहा नि दुरुस्त करून आणा. शुक्रवारी यादी बंद होतीय,” बायको अक्षता म्हणाली.

“इंग्रजांचं साल माझ्या हातून लिहिलं जाणार नाही.” (पगार मात्र ते इंग्रजांच्याच एक तारखेला घेत.)

तत्त्वाचा प्रश्न निघाला की जन्मनोंदणीच्या कचेरीलाही समिती नेमावी लागते. नेमली. शके १९४१, इसवी २०१९, विक्रम संवत २०७५, हिजरी १४४० आणि बुद्धाब्द २५६२ अशी एकाच मुलीची पाच जन्मवर्षं टेबलावर आली. लिपिक रत्नदीप म्हणाला, “साहेब, लग्नपत्रिकेवर आमीबी बुद्धाब्द छापतो. पर पोराच्या दाखल्यावर गप दोन हजार एकोणीस लिवलं की. पोरीला शाळेत जाऊ द्या.” हे मत विषयाला सोडून असल्याने इतिवृत्तातून वगळण्यात आलं. कुणाच्याच भावना दुखावू नयेत म्हणून समितीने पाचांची सरासरी काढली. २००७.४ आली. (दशांश चार मुलीच्या भवितव्यासाठी राखून ठेवला.) शके आणि इसवी एका पंगतीला बसले, या आनंदात हृषीकेशरावांनी सही ठोकली.

अशा रीतीने इंद्रायणी अठरा वर्षांची झाली. शुक्रवारी पहिलीची यादी बंद झाली आणि सोमवारी तिचं नाव मतदार यादीत चढलं. तीन पक्षांचे कार्यकर्ते घरी येऊन ‘ताई, लक्ष असू द्या’ म्हणत चॉकलेटं देऊन गेले. अक्षता स्वयंपाकघरात जाऊन रडली. हृषीकेशराव पंचांग बघत बसले.

मतदानाला इंद्रायणी तुमच्याच रांगेत असेल. तिला वाचता येत नाही, त्यामुळे ज्याचं चॉकलेट मोठं, त्याचं बटण दाबायचं असं तिनं ठरवलंय. हसू नका. तुम्ही तर शाळेत गेला होतात. मागच्या खेपेला तुम्ही काय बघून दाबलंत?