एका गल्लीत दोन सात

बेळगावच्या शहापुरात आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "सात, तुला ह्या गल्लीत जागा न्हाय. गप पलीकडं जा. आणि आठ, तू मधी तंगड्या पसरू नकोस." मी बायकोला म्हटलं, शेजाऱ्यानं भाडेकरू तरी किती ठेवलेत बघ. नावं लक्षात राहत नाहीत म्हणून बिचारा नंबरानं हाका मारतोय.

भाडेकरू एकही नव्हता. घरात एकटे पारिसअण्णा होते. निपाणीकडचे जैन, सत्तरी ओलांडलेले, लहानपणापासून दृष्टी नाही. सगळी नोकरी एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून झाली. निम्म्या बेळगावचे नंबर अजून तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर या गृहस्थाला सुडोकूचं वेड लागलं.

मांडीवर त्यांचं ब्रेलचं यंत्र असायचं. चपटा डबा, त्यावर एक लांब पट्टी, आणि पट्टीतून टाचणीच्या टोकाएवढे ठिपके वर येतात, खाली जातात. बोट फिरवलं की आकडा कळतो. कोड्यातल्या आडव्या ओळीला अण्णा गल्ली म्हणायचे, उभीला बोळ आणि नऊ घरांच्या चौकोनाला पेठ. एका गल्लीत दोन सात नांदायचे नाहीत, की एका बोळात, एका पेठेत. नियम तेवढाच, पण अण्णा तो नगरपालिकेच्या थाटात राबवायचे.

पेपरातलं कोडं यंत्रात उतरवायचं तर कुणीतरी वाचून दाखवायला हवं. दहा वर्षं ते काम त्यांच्या बायकोनं, शांताआक्कानं केलं. आम्ही यायच्या आधीच ती गेली होती. मग ते माझ्या गळ्यात पडलं. रोज दुपारी चारला मी "पाच, रिकामं, रिकामं, दोन" असं वाचायचं आणि त्यांनी कळा दाबत जायचं.

आता मी म्हणजे संकेश्वरकडं साखर कारखान्यात तीस वर्षं कामगारांची हजेरी घेतलेला माणूस. माझा आकडा चुकलाय म्हणायची कुणाची छाती नव्हती. अण्णांची होती. अर्ध्या तासानं त्यांचं बोट थांबायचं. "चौगुले, तिसऱ्या गल्लीत दोन सात झाल्यात. चष्मा कुठं ठिवलायसा?" मग "साकु, साकु", म्हणजे पुरे झालं, असं कानडीत पुटपुटत सगळं पुसायचे आणि पुन्हा पहिल्या गल्लीपासून सुरू. शिक्षा म्हणून चहा मी करायचा. वर तो पांचट झाला हेही ऐकून घ्यायचं.

असं वर्षभर चाललं. दिवाळीत त्यांची पुतणी पुण्याहून आली आणि तिनं यंत्र फोनला जोडून दिलं. आता हवी तेवढी कोडी आपोआप येणार, वाचणारा नको. अण्णा ऐटीत म्हणाले, "तुमची सुट्टी झाली, चौगुले. हे चुकत न्हाय."

खोटं कशाला बोलू, मला लागलं. लई लागलं. म्हटलं, बसा मग यंत्राला घेऊन. बायको म्हणत होती जाऊन या म्हणून, पण माझं कुठं अडलं होतं? चार वाजले की कान मात्र भिंतीला लागायचे. पलीकडं ना सात, ना आठ. समोरच्या विणकराच्या मागाची खटखट तेवढी ऐकू यायची.

नवव्या दिवशी पेपर काखेत मारून मीच गेलो. अण्णा यंत्र मांडीवर घेऊन बसले होते आणि यंत्र बंद होतं. बिघडलंय काय, मी विचारलं.

"न्हाय. लई कोडी हैत त्यात. येकेक कोडं ईस मिंटात सुटतंय." बंद पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले, "सुटल्यावर काय करायचं?"

मी खुर्ची ओढली आणि वाचायला लागलो. चौथ्या ओळीत सहा होता तिथं मुद्दाम नऊ वाचला. चेहरा अगदी कोरा ठेवला, आणि मग लक्षात आलं की त्याची काही गरज नव्हती. पाऊण तासानं त्यांचं बोट नेमकं त्या नऊवर येऊन थांबलं. मी शिव्यांची वाट बघत बसलो. त्या आल्या नाहीत.

"हे चष्म्याचं न्हाय," अण्णा म्हणाले. "जलमभर टेलिफोनवर आवाज ऐकल्यात मी. ह्या नऊला तुमचा आवाज बदलला." बोट तिथंच होतं. "आमची बी असंच करायची. रोज येक आकडा मुद्दाम चुकीचा. मला पयल्याच दिवशी कळलंतं. धा वर्सं तिला बोललो न्हाय."

"का?"

"बोललो असतो तर तिनं बरोबर वाचलं असतं. कोडं सुटलं की उठून कामाला लागली असती."

 मी विचारलं, मग मला का सांगितलं?

"तुमी काय, सांगितलं तरी चुकणारच."

शिक्षा ठरलेलीच होती. मी चहा टाकायला आत गेलो. शांताआक्काचा चहाचा डबा अजून तिच्याच हाताच्या उंचीवर, खालच्या फळीला होता. बाहेर कळा दाबून अण्णांनी सगळं पुसलेलं ऐकू आलं आणि पाठोपाठ त्यांचा आवाज. "चौगुले, साखर बेतानं घाला. आणि उद्या चष्मा आणू नकासा."