शुक्रवारी लग्न कोण करतं?

समुद्राविषयी माझा अंदाज सहसा चुकत नाही. ही आत्मप्रौढी नव्हे. समुद्रविज्ञानाच्या संस्थेत लाटा मोजण्यातच माझी सगळी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर लेवेगोला, म्हणजे समुद्रकाठच्या माझ्या आजोळी, परतलो तेव्हा अख्ख्या गावात आकडेमोड करून हवामान सांगणारा मी एकटाच होतो. बाकीचे गुडघेदुखीवरून सांगत. म्हणूनच अन्सेल्मोमामा वारला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेची आखणी मी स्वतःकडे घेतली. एखादा प्रयोग मांडावा तशी मी ती मांडली: चुकण्याच्या सगळ्या शक्यता एकेक करून बाद केल्या. एक राहिली. ती पांढरा झगा घालून आली.

अडचण अशी होती. आमचं स्मशान भूशिराच्या टोकावर, पडक्या टेहळणी बुरुजाला लागून आहे. तिकडे जाणारी पायवाट हिवाळ्यात दरड कोसळून समुद्रात गेली. तेव्हापासून मेलेल्या माणसालाही तिथे नावेनेच जावं लागतं, आणि शवपेटी मावेल एवढी रुंद नाव गावात एकच आहे, जेपीनची. शनिवारी नैर्ऋत्येचा वारा सुटणार, हे मी गणिताने काढलं होतं. तो सुटला की नाव आठवडाभर धक्क्याला बांधलेली राहते. जूनच्या उकाड्यात शवपेटी आठवडाभर ठेवता येत नाही. मग उरतं ते घाटापलीकडच्या शहराचं स्मशान, म्हणजे परक्या माणसांची भिंत; आमच्याकडे पेटी भिंतीतल्या कोनाड्यात सरकवून विटांनी बुजवतात. आणि देल्फिनामावशीने आपल्या भावाला, तो मरत असताना, शब्द दिला होता: तुला आईच्या शेजारच्या कोनाड्यातच ठेवीन, आणि गवंडी तो बंद करीपर्यंत मी तिथून हलणार नाही.

म्हणून मी शुक्रवार ठरवला.

मावशी नव्वदीला टेकलेली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मामाला मीच मारलं होतं. शुक्रवारी आणि मंगळवारी लग्न करू नये, प्रवासाला निघू नये, हे आमच्याकडे मूल चालायला लागण्याआधी शिकतं.

"तो मेलेला आहे, मावशी," मी म्हणालो. "त्याचं आणखी काय वाईट व्हायचंय?"

"त्याचं नाही रे. आपलं."

तेव्हा मी तिला असा युक्तिवाद ऐकवला की तो खरा ठरता तर त्याचा मला आजही अभिमान वाटला असता. जूनमध्ये आमचं गाव म्हणजे लग्नाचा मांडव. देशोदेशीची जोडपी आमच्या गुलाबी घरांसमोर उभी राहून फोटो काढतात. पण शुक्रवारी लग्न कोण करतं? कोणीही नाही. सबब शुक्रवारी धक्का मोकळा, चर्च मोकळं, जेपीन मोकळा. मी अंधश्रद्धा मानत नाही. पण इतरांची अंधश्रद्धा हा अत्यंत भरवशाचा आकडा असतो, तो वापरायला हरकत नाही. मावशीने नाइलाजाने मान हलवली.

दुर्दैवाने हाच युक्तिवाद गावातल्या प्रत्येकाने आपापल्या घरी बसून केला होता.

फुलवाली एर्सीलिया हिच्याकडे शुक्रवारसाठी दोन मागण्या होत्या. एक माझी, साध्या पुष्पचक्राची. दुसरी डोंगरावरच्या हॉटेलातून फोनवर आलेली: पांढऱ्या गुलाबांची कमान, धक्क्यावर उभी करायची. शुक्रवारी पांढरी फुलं कशाला लागतात हे विचारण्याची तिला गरज वाटली नाही. बँडपथकालाही दोन निरोप होते. जेपीनलाही. हॉटेलवाल्यांनी त्याला सांगितलं, दुपारी नटूनथटून वीसेक पाहुणे बुरुजाकडे जाणार आहेत, नाव सजवून ठेव. बुरुजाशेजारी काय आहे ते जेपीनला ठाऊक होतं. 'अन्सेल्मोची एवढी मोठी ओळख होती तर!' असं म्हणून त्याने नावेला पांढऱ्या फिती बांधल्या.

चर्चमधून पेटी घेऊन आम्ही धक्क्यावर उतरलो, तेव्हा गुलाबांची कमान पाहून मावशीला पहिल्यांदा रडू आलं. मामा जन्मभर जाळी विणणारा एकटा माणूस. त्याला कोणी साधा कोबीचा गड्डाही भेट दिला नव्हता. "बघ," ती मला म्हणाली, "लोकांना जाण असते." खर्च कोणी केला असावा, या प्रश्नाने मला ग्रासलं होतं. पण दुःखात शास्त्रीय शंका काढू नयेत एवढं मलाही कळतं.

पेटी नावेत ठेवली. तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवर टाळ्या सुरू झाल्या. आमच्याकडे मृताला टाळ्या वाजवून निरोप देतात. त्यामुळे धक्क्यावरच्या सगळ्यांनीही जोरात टाळ्या वाजवल्या. बँडने शोकगीत उचललं. आणि त्या तालावर, हसत, हात हलवत, एक उंच वधू पायऱ्या उतरून आली.

ती फेम्के, नेदरलँड्सची; तिकडे शुक्रवारला कोणी भीत नाही. तिच्या मागे नवरदेव योरिस आणि वीसेक माणसं. कायद्याचं लग्न मायदेशी उरकलेलं. बुरुजापाशी फक्त शपथा घ्यायच्या होत्या. योरिसला आमची भाषा थोडी येत होती, हे आणखी वाईट झालं. एर्सीलियाने मृताच्या चक्रावर लावतात तशी लिहिलेली फीत कमानीवरही लावली होती. ती त्याने मोठ्याने वाचली: "अन्सेल्मो, तुझी जागा कोणी घेणार नाही." मग त्याने फेम्केकडे वळून, आवाज शक्य तितका शांत ठेवून, काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, तरी प्रश्न सगळ्या धक्क्याला कळला.

तिने उत्तरादाखल नावेकडे बोट दाखवलं. पेटी तिला नुकतीच दिसली होती.

यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण कोणालाच दुसऱ्याचं बोलणं समजत नव्हतं. नाव त्यांचीही होती, आमचीही होती. मी दोन फेऱ्यांचा तोडगा मांडत होतो, इतक्यात धक्क्याच्या टोकावर एक लाट फुटली आणि बँडचा ढोल भिजला.

जेपीनने क्षितिजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "प्रोफेसर, हा तुमचा शनिवारचा वारा ना?"

अर्ध्या दिवसाची चूक. माझ्या जुन्या संस्थेत ती क्षम्य धरली जाते.

"एकच फेरी," जेपीन म्हणाला. "कोण येतंय ते ठरवा."

सगळे मावशीकडे पाहू लागले. शुक्रवार, त्यात प्रेत, त्यात वधू, त्यात वारा. ती काठी टेकून उभी होती. परक्यांच्या भिंतीत निजलेला मामा मला स्पष्ट दिसू लागला. आणि ते माझ्या गणितामुळे. योरिसने झाला प्रकार फेम्केला समजावला. तिने झग्याचा घोळ गोळा केला, नावेत उतरली, पेटीच्या पलीकडे बसली आणि मावशीला हात दिला.

मावशीने काठी माझ्याकडे दिली आणि तो हात धरला. "जन्मभर बिनलग्नाचा राहिला मेला," ती म्हणाली. "जाऊ दे वरातीत."

त्या प्रवासाचं वर्णन मी करणार नाही. पेटी घसरू नये म्हणून नवरदेव तिच्यावर आडवा पडला होता, आणि वधूकडचे लोक नावेच्या दोन्ही कडांवरून समुद्राला आपलं जेवण परत करत होते, एवढं पुरे. भूशिरावर गवंड्याने कोनाडा बंद केला. मावशी शेवटची वीट बसेपर्यंत हलली नाही. फेम्केने, ओलीचिंब, आपला गुच्छ त्या भिंतीशी ठेवला आणि पलीकडे बुरुजाखाली शपथ घ्यायला गेली. पुन्हा जोर धरण्याआधी वारा जरा पडून परतीची नाव सुटेपर्यंत आम्ही सगळ्यांनी थडग्यांच्या आडोशाला बसून लग्नाचा केक खाल्ला. तो खारट झाला होता.

"माझ्या वेळी," मावशी घास चघळत म्हणाली, "वार तू नाही ठरवायचास."

तिची वेळ पुढच्याच जूनमध्ये आली. शुक्रवारी समुद्र आरशासारखा असणार, हे मी तीन वेगळ्या पद्धतींनी पडताळून पाहिलं. तसाच होता. मी दिवसभर खिडकीतून त्याच्याकडे पाहत बसलो आणि मावशीला शनिवारी नेलं.

शनिवारी धक्क्यावर चार लग्नं होती. आम्ही पेटी खांद्यावर घेऊन रांगेत उभे राहिलो.