बिनवायरीची हळद

शेखरला घरात वायर दिसली, की अंगणात साप निघाल्यासारखं व्हायचं. उपटून फेकल्याशिवाय चैन पडत नसे. आधी टेलिफोनची गेली, मग कॉम्प्युटरची, आणि मुलगी हर्षालीच्या लग्नाच्या तोंडावर हॉलमधल्या टेपचीही गेली. टेप म्हणजे त्याचा नवा स्टिरिओ. पण त्याच्या आईच्या, मैनाबाईंच्या लेखी ज्यातून गाणं येतं तो टेप.

"अरे, पंखासुद्धा वायरीवर फिरतो," त्या म्हणायच्या. "त्याची बी काढ, आणि बस सगळ्यांना हातानं वारा घालत."

पण लेक पडला बँकेतला, चष्मेवाला. आईचं बोलणं तो आमटीतल्या कढीपत्त्यासारखं बाजूला काढून ठेवायचा. "आई, कॉम्प्युटर वरच्या खोलीत, स्टिरिओ खाली हॉलमध्ये. वर बटण दाबलं की खाली गाणं. मध्ये काही नाही."

"मध्ये काही नाय, तर गाणं येतं कशावरून? जिन्यावरून उतरतं?"

"वाय-फायवरून."

हे वाय-फाय मैनाबाईंना ठाऊक होतं, कारण ते त्यांनी दान केलेलं होतं. हिरावाडीतल्या त्यांच्या रो-हाउसला लागून सुमनबाईंचं घर. मधली भिंत एकच. सुमनबाईंनी दोन वर्षांपूर्वी पासवर्ड मागितला, तेव्हा शेखर कुरकुरला होता. मैनाबाईंनी त्याला गप्प केलं. "शेजाऱ्याला पाण्याला नाय म्हणू नये. हे तर नुसतं हवेतून येतं. दे." तेव्हापासून दर हळदीकुंकवाला, सुमनबाई ऐकू येईल एवढ्या अंतरावर असल्या, की मैनाबाई म्हणत, "नेट आमचं, पण आम्ही कधी बोलून दाखवत नाय." सुमनबाईही काही कमी नव्हत्या. मैनाबाईंकडे टेप आला आणि आठ दिवसांत त्यांच्याकडे त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा टेप येऊन बसला.

आता हळदीचं सांगायचं, तर मैनाबाईंची गाणी आख्ख्या भावकीत नावाजलेली. हळदीला विहिणीची यथेच्छ खिल्ली उडवावी, तिनंही उलट गाण्यातच फेडावी, ही रीत. मैनाबाईंनी आजवर भल्याभल्या विहिणींना गाण्यातून सोलून ठेवलं होतं. पण नातीच्या लग्नाला मात्र त्या म्हणाल्या, "माझा घसा बसलाय. शेखर, तू माझी गाणी त्या कॉम्प्युटरात भरून घे. हळदीला टेपवर लाव."

घसा बसलेली बाई सकाळी भाजीवाल्याशी गवारीवरून तीन घरं पलीकडे ऐकू जाईल अशी भांडली होती. पण सून उज्वला शहाणी. तिनं पाण्याचा तांब्या भरून वर नेला. शेखरनं वरच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू केला, समोर आईला बसवलं, बाजूला उज्वलाला साथीला दिलं आणि स्वतः मांडववाल्याचा फोन आला म्हणून खाली गेला. तासाभरानं वर येऊन त्यानं बटण बंद केलं. भरलेलं सगळं ऐकून बघावं, असं काही त्याला सुचलं नाही.

हळदीच्या दिवशी सायखेड्याहून नवऱ्याकडच्या बायका जीपनं आल्या. पुढे नवऱ्याची आजी बायडाबाई, मांडीवर पितळी वाटी, वाटीत उष्टी हळद. नवऱ्याला लावून उरलेली ती उष्टी हळद. ती आल्याशिवाय नवरीच्या अंगाला कुणी बोट लावत नाही. इकडे मांडवात देवाचं चाललेलं, म्हणून पाहुण्यांना चहाला सुमनबाईंकडे बसवलं. वाटी बायडाबाईंनी मांडीवरच ठेवली. बाई मानापानाची कडक. पुतण्याच्या हळदीत पाटाला रांगोळी नव्हती म्हणून वाटी घेऊन अर्ध्या वाटेतून परत गेलेली, अशी तिची ख्याती.

"शेखर," मैनाबाईंनी जिन्याखालून हाक दिली, "लाव माझी गाणी. त्या आत यायच्या आधी मांडव जरा तापू दे."

"लावली," वरून आवाज आला.

टेप गप्प.

"वाजत नाय."

"वाजतंय की. इथे दिसतंय मला."

"तुला दिसून काय उपयोग? मला ऐकू यायला पाहिजे ना."

"थांब, आवाज वाढवतो."

टेप तसाच बसून राहिला, जावयासारखा. शेखरनं आणखी वाढवला. मग शेवटपर्यंत वाढवला. मग खाली येऊन टेपच्या मागे डोकं घालून बसला. "लाइट तर लागलाय," असं तो टेपच्या पाठीला सांगत होता.

तेवढ्यात मैनाबाईंनी कान टवकारले. भिंतीपलीकडून, सुमनबाईंच्या घरातून, गाणं येत होतं.

"उज्वला, ऐक. ही सुमन माझी गाणी कुणाकडून म्हणवून घेतेय?"

उज्वलानं भिंतीला कान लावला.

*इहीण बाई आली, हिला पाट द्या गं मोठा,*
*हिच्या रुसव्याला पुरेना आमच्या घरातला ओटा.*

"चोरटी," मैनाबाई म्हणाल्या. "आधी नेट, मग टेप, आता माझं गाणं. आणि म्हणणारीला सूर तरी हाय का? कशी बोकडासारखी..."

भिंतीपलीकडची बाई खोकली. मग म्हणाली, "उज्वला, पाणी दे गं."

मैनाबाई आणि उज्वलानं एकमेकींकडे पाहिलं.

"आई," उज्वला हळूच म्हणाली, "ह्या तुम्हीच आहात."

टेपमागून शेखरचं डोकं बाहेर आलं. चष्म्यामागचे डोळे मोठे झाले. "त्यांचा आणि आपला स्टिरिओ एकाच नेटवर. यादीत दोन्हींचं नाव सारखंच दिसतं. मी वरचं निवडलं."

"मग जा की वर. बंद कर."

जिना म्हणजे तेव्हा जिना राहिला नव्हता. पायरीपायरीवर मावश्या, आत्या आणि त्यांच्या मांडीवरची पोरं. शेखर "सरका, सरका" करत एकेक पायरी जिंकू लागला. आणि उज्वलाचा चेहरा पांढरा पडला. "आई, गाणी झाल्यावर आपण बोलत बसलो होतो. ते पण भरलं असेल."

बोलणं कशावर होतं ते मैनाबाईंना चांगलं आठवत होतं. साखरपुड्याच्या साडीवर. बायडाबाईंच्या नाकावर. सायखेड्याच्या शिऱ्यावर, ज्याला तूप म्हणे लांबून नुसतं दाखवलं होतं. आणि वाटी त्या बाईच्या मांडीवर.

"आजी, त्या परत गेल्या तर?" हळदीची पिवळी साडी नेसून बसलेली हर्षाली म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

मैनाबाईंनी पदर खोचला आणि अनवाणीच निघाल्या.

सुमनबाईंच्या हॉलमध्ये दहा बायका हातात चहाच्या कपबश्या धरून पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. टेप उंच कपाटावर. सुमनबाई स्टुलावर चढून तो बंद करायचं बटण शोधत होत्या, आणि टेप भिंती हादरतील अशा आवाजात मैनाबाईंचं बोलणं सांगत होता:

"साडी बघितलीस का? धुतली तर बादलीला रंग चढला. आता बादली नेसावी म्हणते मी."

"काकू, हे बंद कसं करतात?" सुमनबाईंनी स्टुलावरून विचारलं. "आमचा महेश घरात नाही, आणि मला नुसतं लावता येतं."

मैनाबाईंना तर लावताही येत नव्हतं. बायडाबाई वाटीवर दोन्ही हात ठेवून टेपकडे बघत होत्या. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. मैनाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आणि टेप पुढे बोलला.

"पण उज्वला, कुणाला सांगू नको. माझा घसा काय बसला बिसला नाय. त्या बायडाबाईचं गाणं मी एकदा ओझरला ऐकलंय, एका हळदीत. लय वर्षं झाली. असा गळा मी परत ऐकला नाय बाई. तिच्यापुढं तोंड उघडायची माझी छाती नाय. म्हणून हे टेपचं नाटक."

आणि तिथे टेप बंद पडला. शेखर कॉम्प्युटरपाशी पोहोचला होता. नको ते सगळं वाजून झाल्यावर.

मैनाबाईंना वाटलं, साडीवर बोललेलं निभावलं असतं. पण हे शेवटचं तरी जमिनीनं गिळायला हवं होतं.

बायडाबाई उठल्या. वाटी हातात. सगळ्यांच्या नजरा दाराबाहेर उभ्या असलेल्या जीपकडे गेल्या.

"साडीचं खरं हाय," बायडाबाई म्हणाल्या. "दुकानदारानं मला बी फसवलं. शिऱ्याचं मात्र खोटं. तूप मी माझ्या हातानं घातलंय."

"अहो इहीणबाई, ते आपलं..."

"थांबा. तुमचं लय झालं. आता माझी पाळी." आणि उंबऱ्यात मैनाबाईंच्या समोर उभं राहून त्यांनी आवाज लावला:

*इहीणबाईचा गळा, बाई साखरेची गोणी,*
*भिंतीआडून गाते, समोर येईना कोणी.*

ओझरला ऐकला होता, तोच गळा. सायखेड्याच्या बायका हसू लागल्या. सुमनबाई हसता हसता स्टुलावरून उतरायच्या राहिल्या. समोरची बाई उत्तराची वाट बघत उभी होती, आणि रुसून निघालेली बाई उत्तराची वाट बघत नाही, एवढं मैनाबाईंना कळत होतं. शिवाय हरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी डोळे मिटले.

*इहीण दारी आली, मधली भिंत पाडून टाका,*
*हिच्या पायाला हळद, तोंडी साखरेचा फाका.*

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. कुणाचं लक्ष नव्हतं. बायडाबाईंनी वाटी एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला होता. दोघी तशाच गात मांडवात आल्या. हर्षालीला हळद लागली, आणि तिच्या गालाइतकीच दोन्ही आज्यांच्या नाकालाही लागली. गाणी संपेनात. टेप कुणी लावला नाही.

दुपारी शेखर भिंतीला टेकून जिलबी खात उभा होता. सगळं गोड झालेलं बघून त्याला धीर आला. "बघ आई, वायर नव्हती म्हणूनच विहिणीशी सूर जुळला तुझा."

मैनाबाईंनी त्याच्याकडे पायापासून चष्म्यापर्यंत पाहिलं.

"शेखर, वायर म्हणजे दावं असतं रे. दाव्याला बांधलेली गाय कुणाच्या दारी जाते ते घरच्याला ठाऊक असतं. तू दावं सोडलंस, आणि माझी गाय शेजारणीच्या घरात जाऊन पान्हावली. दूध सांडलं नाय, ही गाईची पुण्याई. तुझी हुशारी नव्हं. उद्याच्या उद्या टेपला वायर लाव. आणि सुमनचं नेट बंद करू नको. तिच्या टेपचा आवाज आपल्यापेक्षा चांगला हाय, पण ते तिला सांगायचं नाय."