गाडीला पाणी

गुंडेराव गवंड्यांनी तारेच्या ब्रशचा तिसरा हात मारला आणि ब्रश मनगटासकट गाडीच्या आत गेला. आत बाकावरची धूळ पुसत बसलेल्या सोजराबाईंना कानाजवळ नवऱ्याचा हात उगवलेला दिसला.

"अव्, जंग काढायलाव का गाडीच काढायलाव?" त्यांनी आतूनच विचारलं.

"वरवरचा हाय," म्हणत गुंडेरावांनी हात हळूच ओढून घेतला.

गाडी म्हणजे एके काळचा फिरता दवाखाना. लिलावात निघालेली ती व्हॅन गुंडेरावांनी मोठ्या हौसेनं आपल्या गावी, निर्ण्याला आणली होती. आत आडवं व्हायला दोन बाकं, स्टोसाठी फळी, पाण्याची टाकी. चाकांवरचं घरच म्हणायचं. चालवणार होता राघोबा, सोजराबाईंचा धाकटा भाऊ. तो बीदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यात ट्रकवर होता. त्यानं बॉनेट उघडून निकाल दिला होता, "दाजी, इंजन पैलवान हाय. पण अंगावरचं कातडं गेलंय. वेल्डिंगवाल्याकडं न्या."

वेल्डिंगवाला म्हणाला, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर त्यानं गाडी सोन्यानं मढवून दिली असती तरी गुंडेरावांना तिचा उपयोग नव्हता. त्यांना दसऱ्याला नागपूर गाठायचं होतं. छप्पन साली गावातली मंडळी दीक्षेला गेली, त्यात गुंडेराव होते. सोजराबाई दहा दिवसांच्या बाळंतीण, त्या घरी राहिल्या. परत आल्यावर गुंडेरावांनी तो सोहळा इतक्यांदा आणि इतका रंगवून सांगितला की निम्म्या गावाला तो पाठ झाला. पुढं दर वर्षी काही ना काही आडवं येत गेलं, आणि आता शहाऐंशी साल उजाडलं. सोजराबाईंचे गुडघे एसटीत बसू देत नव्हते. त्या कधी रागावल्या नाहीत. फक्त कुणी नागपूरचं नाव काढलं की म्हणायच्या, "ह्यांनी बघितलंय. म्या ऐकलंय." गुंडेरावांना हे वाक्य शिवीपेक्षा जास्त लागे.

तेव्हा काम आपल्याच हातानं करायचं ठरलं. उभा जन्म भिंतींत गेलेला माणूस. बीदरच्या किल्ल्याच्या डागडुजीवरसुद्धा त्यांची थापी चालली होती. भिंतीचा नियम सोपा असतो. भुसभुशीत असेल ते घट्ट लागेपर्यंत काढत जायचं. गुंडेराव काढत गेले. घट्ट काही लागेना. दोन दिवसांत गाडीच्या उजव्या अंगाला म्हैस आरपार जाईल एवढं भगदाड पडलं.

"तिथं खिडकी बसवा की एक," सोजराबाई म्हणाल्या. "तीस वर्सं चार भिंतीत बसून ऐकलं. आता जाताना तरी बाहेरचं बघू द्या."

"खिडकीनं भिंत कमजोर व्हती."

"भिंत न्हाई ही, गाडी हाय."

"माझ्या हाताखाली आली की भिंतच."

मग भगदाडावर तारेची जाळी ताणली गेली. चुना, वाळू, गूळ, मेथीचं पाणी, हिरड्याचं पाणी, बारीक कातरलेला ताग, सगळं मापात पडलं. मूळ गाडीला त्या बाजूला थोडं पोट होतं. गुंडेरावांनी ओळंबा लावून ते सरळ केलं. काम असं देखणं झालं की जाणारा येणारा हात फिरवून जाई. मुंग्याही येऊन गेल्या, पण त्या गुळासाठी.

खरी गंमत पुढं झाली. ताज्या गिलाव्याला पाणी पाजावं लागतं, हे गवंड्याच्या हाडात मुरलेलं असतं. गुंडेरावांनी गाडीला ओली पोती नेसवली आणि सकाळ-संध्याकाळ घागरी रित्या करायला सुरुवात केली.

"अक्का, दाजी गाडीला न्हाऊ घालायलेत का?" शेजारच्या नागूबाईंनी विचारलं.

"तेल लावायचं तेवढं राहिलंय," सोजराबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी राघोबा आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. "दाजी! लोखंडाला पाणी पाजायलाव?"

"लोखंडाला कोण पाजतंय? चुन्याला पाजायलोय. न्हाई पाजलं तर भेगा पडत्यात."

"आन् कडंचा पत्रा?"

"पत्र्याला म्या सांगितलंय का, पी म्हणून?"

गाडीच्या खालून तांबूस पाणी ठिबकत होतं. गुंडेराव म्हणाले, जुना मळ निघायलाय. पुरे आठ दिवस पाणी झालं. मग वरून निळा रंग चढला आणि पत्रा कुठं संपतो, भिंत कुठं सुरू होते, हे राघोबालाही सांगता येईना.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी गाडी निघाली. सोजराबाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून मागच्या बाकावर बसल्या, समोर नवऱ्यानं बांधलेली भिंत. बीदर मागं पडलं, भालकीचा रस्ता लागला. एका ओढ्यावरच्या फरशी पुलावर गाडी जोरात आदळली आणि मागं असा आवाज झाला की दोन शेतांतली पाखरं उठली. ओझं उतरल्यासारखी गाडी टुणकन पुढं उडाली. राघोबानं ब्रेक मारला.

गुंडेराव धावत मागं गेले. आधी बायकोला बघायचं सोडून भिंतीजवळ गेले, हे कबूल केलं पाहिजे. भिंत अख्खी रस्त्याच्या कडेला पडली होती. त्यांनी बोटानं ठोकून पाहिली. खणखणीत वाजली.

"राघोबा, बघ. एक भेग न्हाई."

"गिलावा हाय तसाच हाय, दाजी. गाडीनंच हात सोडला." त्यानं कडेचा पत्रा चिमटीत धरला, त्याचा भुगा झाला.

गुंडेराव दगडावर बसले. त्यांना खरोखर रडू आलं. जन्मभर लोकांच्या भिंती उभ्या केल्या आणि बायकोसाठी बांधलेली पडली. "माघारी घे गाडी," ते कसंबसं म्हणाले. "हिच्या नशिबात ऐकणंच हाय."

मग त्यांनी मान वर केली. सोजराबाई बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या. समोर कारळाची पिवळी शेतं वाऱ्यावर हलत होती. तेवढ्यात पांढऱ्या लुगड्यांच्या बायांनी भरलेली एक बस गेली आणि खिडक्याखिडक्यांतून "जय भीम!" आलं. सोजराबाईंनी हात उंच करून उलट "जय भीम!" दिला.

"कामून बसलाव?" त्या नवऱ्यावर ओरडल्या. "चला की! समदं दिसायलंय हितनं."

"अगं, भिंत पडली!"

"पडली ते बरं झालं. एवढी मोठी खिडकी तुम्ही जन्मात केली नसती."

राघोबानं तीन आडवे दोर बांधले, दोरांच्या आत नवऱ्याला बसवून सोजराबाई नागपूरपर्यंत रस्ता बघत गेल्या. नागपुरात मात्र नवा पेच पडला. एका बाजूनं सताड उघडी गाडी, आत भांडीकुंडी, अंथरुणं. कुणीतरी राखण बसायलाच हवं होतं. आणि गर्दीत अक्काला सांभाळून न्यायला राघोबाच हवा होता. गुंडेराव दोन दिवस गाडीत बसून राहिले. लांबून भोंग्यांवरचा आवाज मात्र स्पष्ट येत होता.

निर्ण्याला परतल्यावर नागूबाई लगबगीनं आल्या आणि सवयीनं गुंडेरावांकडं वळल्या. "सांगा दाजी, कसं झालं यंदा?"

गुंडेरावांनी घसा साफ केला.

"त्यांना काय इचारतीस?" सोजराबाई पदर सावरून ओट्यावर बसल्या. "ह्यांनी ऐकलंय. म्या बघितलंय. बस हितं, सांगते."

 गुंडेराव तोवर गाडीच्या उजव्या अंगाला खिडकीची चौकट ओळंब्यात धरून उभे होते.