एकशे तीस किलोंचा भोपळा

भोपळा विकायचा ठरला तेव्हा आप्पांनी एकच अट घातली. वजन टेंभुर्णीच्या मोठ्या काट्यावर होईल, आणि गैबीसाब तिथं डोळे उघडे ठेवून उभा राहील.

"आवं, भोपळाच हाय, उसाची ट्रॉली न्हवं," त्यांची बायको सोजरबाई म्हणाली. "गैबीसाबच्या समराच्या लग्नाला तसाच द्या की. बी तिच्याच आईनं दिल्यालं."

"फुकट दिला तर गैबीसाब म्हणंल, आप्पा नमला."

चार वर्षं झाली, आप्पा आणि गैबीसाब एकमेकांशी बोलत नव्हते. आप्पांनी त्याला एक म्हैस विकली होती, आठ लिटर दूध सांगून. नव्या गोठ्यात जाताच तिनं सहाच्या वर थेंब द्यायचं नाकारलं. मग गैबीसाब भर बाजारात, दहा माणसांत हसत म्हणाला, "आप्पाचं माप लई उदार हाय." लोक खदखदून हसले. झालं! तीस वर्षांची दोस्ती दोन लिटर दुधात बुडाली. आप्पांना कुणी तिरसट म्हटलं तर चालायचं, बायको ते रोजच म्हणायची. पण मापात खोटा? ते त्यांच्या काळजाला लागलं.

बायकांनी मात्र बोलणं सोडलं नव्हतं. गैबीसाबच्या बायकोनं, शबानानं, पुडी बांधून दिलेल्या बिया सोजरबाईनं उकिरड्याशेजारी टोचल्या, आणि त्यातल्या एका वेलानं सगळी ताकद एकाच भोपळ्यात ओतली. बघता बघता तो बसलेल्या रेडकाएवढा झाला. उद्या शबानाच्या लेकीचं, समराचं, लग्न होतं आणि चारशे माणसांच्या दालच्यात, म्हणजे डाळ-मटणाच्या रश्शात, घालायला भोपळा हवा होता. घरात आलेली पत्रिका आप्पांनी खुंटीला अडकवून ठेवली होती. लग्नाला जाणार नाही, हे त्यांनी तीनदा सांगून झालं होतं.

सकाळी जोतीराम टेम्पो घेऊन आला, मागोमाग गैबीसाब फटफटीवर. भाव ठरवायचा तर बोलणं आलं, आणि ते बिचाऱ्या जोतीरामच्या गळ्यात पडलं.

"जोतीराम, त्यास्नी इचार, किलोला काय?" गैबीसाब भोपळ्याकडं बघत म्हणाला.

"त्याला सांग, बारा," आप्पा टेम्पोच्या चाकाकडं बघत म्हणाले.

"बारा? बाजारात इसानं जातोय. मी इसाच्या खाली देणार न्हाय. उद्या लोक म्हणतील, गैबीसाबनं गरिबाला लुटलं."

"गरीब कोण रं?" आप्पा चाकावरच भडकले. "जोतीराम, त्याला सांग, दहा! येवडा मोठा भोपळा आतनं नुसता चोथा निघतो. त्याला बाजारभाव न्हाय."

"चोवीस!"

"आरं, काय चाललंय ह्ये?" जोतीराम ओरडला. "इकणारा उतरतोय आन घेणारा चढतोय! माझा टेम्पो काय तुमच्यासाठी जन्मभर हितंच हुबा ऱ्हाणार हाय? पंधरा! बास!"

दोघांनी मान हलवली. दोघांनाही आपण हरलो असंच वाटलं.

शेजारचा एक गडी बोलावून चौघांनी भोपळा टेम्पोत चढवला. वाटेत गडगडून फुटू नये म्हणून आप्पा मागं पोतं टाकून बसले आणि त्याला दोन्ही हातांनी कवटाळून धरलं. काट्यावर भरल्या टेम्पोचा आकडा आला अकराशे चाळीस. "जोतीराम, त्याला सांग, नीट बघ म्हणावं! मागनं तक्रार नको!" आप्पा मागूनच ओरडले. गैबीसाबनं आकडा बघितला, टेम्पोकडं बघितलं, आणि पावतीसाठी हात पुढं केला.

भोपळा गैबीसाबच्या अंगणात उतरला. आप्पांनी त्या अंगणात पाऊल ठेवलं नाही, टेम्पोतच बसून राहिले. परत काट्याशी आल्यावर मात्र ते उतरून समोरच्या टपरीवर चहाला गेले. रिकामा टेम्पो भरला एक हजार दहा. भोपळा एकशे तीस किलो! गैबीसाबनं जोतीरामच्या हाती दोन हजार धाडले, आप्पांनी जागच्या जागी पन्नास परत केले आणि छाती काढून घरी आले.

"एकशे तीस?" सोजरबाईनं भाकरी थापता थापता विचारलं. "चार गड्यांनी सहज उचलला की. तुमी कुटं बसला हुतासा?"

"मागं. भोपळा धरून."

"आन रिकाम्या येळंला?"

"च्या पीत हुतो."

भाकरी परातीतच थांबली. आप्पांच्या तोंडचा घास तोंडातच राहिला.

"म्हंजी भोपळ्यासंगं तुमी सोताला बी इकून आलाय," सोजरबाई म्हणाली.

आप्पांनी ताट बाजूला सारलं. दवाखान्याच्या कागदावर त्यांचं वजन बासष्ट किलो होतं. म्हणजे भोपळा अडुसष्टचा, आणि नऊशे तीस रुपये हरामाचे! आता गैबीसाब काय म्हणेल? माप लई उदार हाय! आणि या वेळी ते खरं असेल.

"फोन लावा त्यास्नी."

"नंबर मी कवाच काडून टाकलाय."

शबानाचा फोन नुसता वाजत राहिला. लग्नघरात कोण फोन उचलतंय! आणि एकदा भोपळा चिरला की पुन्हा वजन करायचं कशाचं? पुरावा दालच्यात जाणार, आणि आप्पा जन्मभर चोर ठरणार.

"आख्ख्या भोपळ्याला बायका पैली सुरी लावत न्हाईत," सोजरबाईनं धीर दिला. "एकांदा गडी लावंस्तवर थांबतील."

"लग्नाच्या घरी गड्यांचा काय दुस्काळ हाय? बस मागं!"

म्हातारी मोपेड दोघांना घेऊन धापा टाकत निघाली. नेमकी पुढं उसाची ट्रॉली. ती बाजूला होईना, आप्पांचा हॉर्न वाजेना. आप्पा तोंडानं ओरडत राहिले, सोजरबाई मागून त्यांच्या पाठीत गुद्दे घालत राहिली.

गैबीसाबच्या अंगणात भोपळ्याभोवती दहा-बारा बायका सुऱ्या घेऊन बसल्या होत्या. सगळ्या एका गड्याची वाट बघत होत्या, आणि तो आला होता. शबानाचा भाचा सोहेब बाह्या सारून कोयता उचलतच होता.

"थांब! हात लावू नगंस भोपळ्याला!"

आप्पा मोपेडवरूनच ओरडले. "आप्पा भांडायला आला," कुणीतरी पुटपुटलं. मेंदीचे हात वर धरून समरा दारात आली, तिचा चेहरा उतरला होता. मंडपाच्या मागून गैबीसाब आला आणि आप्पांच्या समोर उभा राहिला.

चार वर्षांत पहिल्यांदाच आप्पा या अंगणात उभे होते. त्यांनी शबानाकडं तोंड केलं.

"वैनी, त्याला सांगा, माप चुकलं. भोपळा अडुसष्ट किलोचा हाय. बाकीचा मीच हुतो, मागं बसल्यालो. हे नऊशे तीस घ्या आन माझ्यादेखत परत वजन करा. मी लबाड न्हाय, वैनी. म्हशीच्या येळंला बी नव्हतो." त्यांनी नोटा पुढं धरल्या.

गैबीसाबनं नोटांकडं बघितलं नाही. खिशातून पावती काढली.

"हितं एकशे तीस लिवलंय. अडुसष्ट सकाळी पोचलं. बासष्ट येयाचं हुतं, त्ये आत्ता आलं. माझं वजन पुरं झालं."

"तुला म्हाईत हुतं?"

"काट्यावरच दिसलं हुतं."

"मग तवाच बोलला का न्हाईस रं?"

मधे कुणी जोतीराम नाही, कुणी वहिनी नाही. दोघांच्याही ते एकदमच ध्यानात आलं.

"बोललो आस्तो तर तू आला आस्तास व्हय?" गैबीसाब म्हणाला. "पत्रिका दिली ती खुंटीला लावलीस. मग म्हटलं, तुलाच इकत घ्यावं. तुझा हिशेब चुकला तर तू घरी बसणार न्हाईस, येवडं तर मी तीस वर्सांत वळखलंय की." मग त्यानं मान खाली घातली. "आन ती म्हैस, आप्पा... म्हैनाभरानं रुळली. तवापासनं आठ लिटर देती. तुझ्याकडं येऊन सांगायला तोंड नव्हतं मला."

आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले. घाम आला म्हणाले. सोहेबनं कोयता त्यांच्या हातात दिला आणि आप्पांनी पहिला घाव घातला. भोपळा आतून हळदीसारखा पिवळाधमक निघाला.

"तूच म्हणत हुतास, आतनं चोथा निघतो," गैबीसाब म्हणाला.

आप्पा जायला वळले तर त्यानं दंड धरला. "कुटं? उद्या सांजपातूर माल माझा हाय. पंधरानं घेतलाय."

तेवढ्यात भाड्याची पातेली घेऊन जोतीराम अंगणात शिरला. त्याला बघताच आप्पांनी मान ताठ केली.

"जोतीराम, त्याला सांग, मला पंधराचा भाव न्हाय. चार वर्सं आतनं नुसता चोथा हुतो. दहा!"

"चोवीस!" गैबीसाब गरजला.

जोतीरामनं पातेली जागच्या जागी ठेवली आणि टेम्पोकडं धूम ठोकली.