सातव्या मजल्यावरचा फ्रेंच सिनेमा

ज्या कोणा साहेबाने त्या फ्रेंच सिनेमाच्या वर्णनात ‘हलकाफुलका, निरुपद्रवी, सहकुटुंब हसावं असा’ हे शब्द लिहिले, त्याच्यावर सरळ आरोप आहे. साहेब, तुम्ही तो सिनेमा पाहिलेलाच नाही. आणि पाहिला असेल, तर हाउसिंग सोसायटी म्हणजे काय चीज असते हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही एसीत बसून दोन ओळी खरडल्यात आणि इकडे मीरा रोडला एका सात मजली इमारतीत माणसं एकमेकांना ‘जेवलात का’ विचारायची बंद झाली.

त्या दोन ओळींवर हरिश्चंद्र माजळकरांनी विश्वास ठेवला. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. गणपतीच्या आधी त्यांच्या बायकोच्या, सुचेताबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून त्या लिफ्टने सातव्या मजल्यावर आल्या आणि त्याच आठवड्यात लिफ्ट बसली. ती बसली ती बसलीच. दिवाळी गेली, संक्रांत गेली. डॉक्टर म्हणाले, “चाला, पण एवढे जिने नकोत.” चालणार कुठे? हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून हॉलमध्ये.

“तुम्ही कमिटीत आहात ना?” सुचेताबाई विचारायच्या. “मग तिथे करता काय? चहा पिता?”

“विषय चालू आहे,” हरिश्चंद्र म्हणायचे.

विषय खरंच चालू होता. कमिटीचे चेअरमन ईश्वरभाई पहिल्या मजल्यावर राहायचे. लिफ्टचं नाव काढलं की त्यांचं एकच उत्तर, “माजळकरभाई, प्रोसेस चालू छे. जल्दी करेंगे तो गलत होगा.” यावर हरिश्चंद्र होकाराची मान हलवायचे. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. ऑफिसात साहेबांपुढे, घरी बायकोपुढे आणि रिटायर झाल्यावर ईश्वरभाईंपुढे. त्या मानेला दुसरी दिशाच माहीत नव्हती.

पण बायको माणसांसाठी झुरायला लागली, तेव्हा त्यांनी एक शक्कल काढली. बायको खाली जाऊ शकत नाही ना? मग सोसायटीच वर आणू. सातव्याच्या वर गच्ची, मधे एकच जिना. तो ती कठडा धरून चढेल. गच्चीवर पडदा लावायचा, सिनेमा दाखवायचा. मुलाने, अभिनवने, ऑफिसातून प्रोजेक्टर आणला. सिनेमाही त्यानेच निवडला.

“हिंदी लावला तर मराठी लोक बोलतील, मराठी लावला तर बाकीचे,” तो म्हणाला. “फ्रेंच लावू. कोणालाच कळणार नाही, म्हणजे भांडण नाही. कॉमेडी आहे. इथे लिहिलंय बघा, निरुपद्रवी.”

शनिवारी संध्याकाळी माणसं आली. सात मजले चढून, धापा टाकत, पण आली. सुचेताबाईंनी काठाची साडी नेसली होती. प्रत्येक जण वर पोहोचला की आधी भिंतीला टेकायचा आणि मग म्हणायचा, “वहिनी, किती दिवसांनी!” त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. हरिश्चंद्रांना वाटलं, जिंकलो.

मग सिनेमा सुरू झाला.

पॅरिसमधली एक जुनी इमारत. तिच्यात एक लिफ्ट. ही लिफ्ट एके दिवशी ठरवते की आता आपण मजल्यावर थांबायचं नाही, माणसाला जिथे जावंसं वाटतं तिथे न्यायचं. पाववाला आत शिरतो, तो लहानपणीच्या शेतात उतरतो. एक म्हातारी आत शिरते, ती नाचाच्या हॉलमध्ये. आणि त्या इमारतीचा एक मॅनेजर असतो. पोट सुटलेला, मिशा झुबकेदार. कोणी काहीही मागितलं की म्हणतो, “उद्या.” पडद्याखाली इंग्रजी ओळी उमटत होत्या, त्यातला तेवढा शब्द सगळ्यांना कळला.

पहिल्या ‘उद्या’ला कोणीतरी मागे खुदकन हसलं. दुसऱ्याला दोन-तीन माणसं. पुढे मॅनेजर नुसता पडद्यावर आला तरी अख्खी गच्ची वळून ईश्वरभाईंकडे बघायची, कारण पोट तेच होतं आणि मिशाही त्याच. शेवटी लिफ्ट त्या मॅनेजरला पोटात घेऊन छप्पर फोडते आणि ढगात निघून जाते. गच्चीवर टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. ईश्वरभाई उठले, चपला घातल्या आणि सात मजले उतरून गेले.

“बाबा,” अभिनव हळूच म्हणाला, “मी फक्त वर्णन वाचलं होतं.”

रविवारपासून सोसायटीत सगळेच सिनेमाचे समीक्षक झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका उर्मिलाबाई जिन्यात उभ्या राहून समजावू लागल्या, “लिफ्ट हे मनाचं प्रतीक आहे. मॅनेजर म्हणजे आपला अहंकार.”

“मॅडम, प्रतीक-बितीक छोडो,” तळमजल्यावरचा बंटी म्हणाला. “कॉमेडी किधर था? एक भी आदमी गिरा नहीं.”

जवळच्या मुर्धा गावची कोळीण आशाबाई मासे घेऊन सातव्यापर्यंत यायची, म्हणून सुचेताबाईंनी तिलाही सिनेमाला बसवलं होतं. तिचा राग वेगळाच. “ती बाय लिफ्टमदी मासा घेऊन जाते ना, तो मासा ताजा न्हाय. डोळं बघितलं का त्याचं? असला मासा दाखवतात नि म्हनं हसा!”

एका गटाचं म्हणणं, मॅनेजर ढगात गेला म्हणजे त्याला मोक्ष मिळाला, यात अपमान कसला? दुसऱ्याचं म्हणणं, मोक्ष हवा असेल तर तुमच्या बापाला पाठवा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी अंगठे आले, मग लांब मेसेज आले, मग माणसं ग्रुप सोडून गेली. आणि या सगळ्यात लिफ्टचा विषय, सोसायटीतल्या लिफ्टचा, कुणीही काढला नाही. फ्रान्समधली लिफ्ट कुठे गेली यावर लोक रक्त आटवत होते आणि आपली लिफ्ट तळमजल्यावर धूळ खात उभी होती. ही आपली जात! पडद्यावरच्या लिफ्टला न्याय हवा!

सुचेताबाईंकडे आता कोणी येईना. या गटाचा आला तर त्या गटाला राग.

“चांगली करमणूक केलीत,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आधी निदान बेल तरी वाजायची.”

मग ईश्वरभाईंच्या सहीची नोटीस लागली. ‘दाखवलेल्या चित्रपटाने पदाधिकाऱ्याचा अपमान झाला किंवा कसे, याची कमिटीने चौकशी करावी. त्यासाठी चित्रपट पुन्हा पाहावा.’ हरिश्चंद्र पहिल्या मजल्यावर गेले.

“ईश्वरभाई, खाली ऑफिसातच बघू ना. लॅपटॉपवर.”

“नहीं!” ईश्वरभाई म्हणाले. “जिथे इन्सल्ट झाला तिथेच तपास. पंचनामा असाच होते. नियम म्हणजे नियम.”

हरिश्चंद्रांनी मान हलवली.

कोरम पुरा करायला अख्खी कमिटी पुन्हा सात मजले चढली. ईश्वरभाई प्रत्येक मजल्यावर थांबत, गुडघ्यावर हात ठेवत, पण इरेला पेटून चढले. बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला. मधे एकदा, पाववाला शेतात धावतो तेव्हा, ते चक्क हसले, पण लगेच खोकला काढला. सिनेमा संपला. “हां, तर माझा म्हणणा...” असं म्हणत ते उठायला गेले आणि तिथेच ओरडले. गुडघा आखडला होता. ना सरळ होईना, ना वाकेना.

खुर्चीसकट उचलून न्यायचं ठरलं. चौघांनी उचललं आणि पहिल्याच वळणावर चौघांचं चार दिशांना मत पडलं. खुर्चीचा एक पाय मोडला. तसंच त्यांना परत वर आणून माजळकरांच्या दिवाणावर ठेवलं. डॉक्टर वर आले, दम खाऊन म्हणाले, “आराम. जिने अजिबात नकोत.”

झालं! चेअरमन सातव्या मजल्यावर अडकले.

सुचेताबाईंनी मात्र काही मनात ठेवलं नाही. त्यांनी आपली शेकायची पिशवी दिली, आपलं तेल दिलं, पायाखाली उशी कशी घ्यायची ते दाखवलं. मऊ खिचडी केली. ईश्वरभाईंची बायको खालून फोनवर म्हणाली, “मी नहीं चढूंगी, माझेपण गुडघे आहेत.” सकाळी दोघं पेशंट बाल्कनीत बसायचे. खाली भाजीची गाडी यायची.

“इथून फक्त टक्कल दिसतात,” ईश्वरभाई म्हणाले.

“हो ना,” सुचेताबाई म्हणाल्या. “मी आता टकलांवरून माणसं ओळखते. तुमचं मागून थोडं चौकोनी आहे.”

ईश्वरभाईंनी डोक्यावरून हात फिरवला. दुपारी त्यांनी एक फोन केला, मग दुसरा. गुजरातीत गोड बोलले, मग हिंदीत ओरडले. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टवाले हजर! संध्याकाळपर्यंत मोटर घुरघुरली आणि लिफ्ट सातव्या मजल्यावर येऊन उभी राहिली.

नारळ फुटला. दोन्ही गट जमले, पेढे वाटले गेले. बंटीने व्हिडिओ काढायला घेतला. सुचेताबाई पहिल्यांदा आत शिरल्या, त्यांच्यामागून लंगडत ईश्वरभाई. चेहरा प्रसन्न. “माजळकरभाई, चौकशी कॅन्सल,” ते म्हणाले. “पिक्चर सारू छे. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा समजला. तो मॅनेजर दिल का बुरा नहीं. चला, जाळी बंद करा.”

हरिश्चंद्र आत आले. त्यांनी जाळीचा दरवाजा धरला, पण ओढला नाही. बायको त्यांच्याकडे बघत होती. तिने मुठीत पर्स घट्ट धरली होती, खाली जायला निघालेल्या लहान मुलीसारखी. सवयीने त्यांची मान हलायला निघाली आणि अर्ध्यात थांबली.

“ईश्वरभाई, एक विचारू?”

“अरे विचारा ना. पण खाली जाऊन.”

“नाही, इथेच. माझी बायको गणपतीपासून इथे होती, तेव्हा लिफ्टवाला मिळत नव्हता. प्रोसेस चालू होती. तुम्ही आठवडाभरसुद्धा राहिला नाहीत, तर दोन फोनमध्ये तो आला.” त्यांनी दुसरा हातही जाळीला लावला. “मग ते दोन फोन आधी का नाही केलेत?”

“माजळकरभाई, लोग देख रहे हैं...”

“बघू देत. जाळी उघडी असली की ही लिफ्ट हलत नाही. मला घाई नाही, आणि हिला तर वाट बघायची सवयच आहे. बोला, ईश्वरभाई. का नाही केलेत?”